बाकी सगळं जसंच्या तसं

पौडच्या नोंदणी कार्यालयात साडेअकराची वेळ मिळाली होती. जालिंदर कोळवणच्या घरापुढं गाडी चालू ठेवून उभा होता, आणि त्याची धाकटी बहीण शुभांगी ओसरीवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसली होती. वडिलांच्या भातखाचरांवरचा आपला हक्क ती आज भावासाठी सोडणार होती. कागद तयार होते, तिची सही तेवढी राहिली होती.

पाच मिनिटं थांब, ती म्हणाली. एक अपडेट अडकलं होतं. ते पोचेपर्यंत हजारो कॉम्प्युटरांची दारं चोरांना उघडी होती.

जालिंदरनं गाडी बंद केली. ही बिनपगारी उठाठेव कशाला, असं त्यानं दरवेळेसारखं विचारलं. आज पहिल्यांदाच, तुम्ही लोक नक्की करता तरी काय, हेही विचारलं.

शुभांगीनं मान वर न करता सांगितलं. एक मोठी कंपनी आपल्या सिस्टीमचा कोड जगाला खुला करते. तिच्यासारखे हौशी लोक तो घेतात, त्यातलं कंपनीचं नाव आणि चिन्ह काढतात, पुन्हा बांधतात, तपासतात, आणि खरेपणाची खूण म्हणून डिजिटल सही करतात. मग तो देशोदेशीच्या सर्व्हरवर जातो, तिथून ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर. मुळात एखादी चूक असली तर तीही तशीच ठेवायची.

"म्हंजी निस्तं नाव काढायचं?"

"व्हय. बाकी सगळं जसंच्या तसं."

जालिंदरचा चेहरा उजळला. महिनाभर त्याला जे धड बोलता येत नव्हतं, ते बहिणीनंच आयतं हातात दिलं होतं.

"मग मी तरी दुसरं काय म्हणतोय, शुभा? नाव तेवढं काढायचं. घर हाय, वहिनी हाय, दिवाळीची साडी हाय. समदं जसंच्या तसं."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. शुभांगीला रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही. तिनं बटण दाबलं, अपडेट निघालं. लॅपटॉप मिटून ती गाडीत जाऊन बसली.

वळणावर शेजारच्या जनार्दनकाकांनी हात करून गाडी थांबवली. खिडकीशी वाकून ते कौतुकानं म्हणाले, "जगभरची कामं करती म्हणं ही. जालिंदर, पोरीनं नाव काढलं बरं का."

जालिंदरनं घाईनं गिअर टाकला.

"अजून न्हाई, काका," शुभांगी म्हणाली. "त्यासाठीच पौडला चाललोय."