आधी पंगत

पुरणाचा वास नारायण पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता, आणि त्या वासामागोमाग पंच वेळेआधीच हजर झाले होते.

भैरू उंबऱ्याबाहेर बसला. तुळजाबाईंनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. कशाला, ते त्याला कळेना. उन्हातून येता येता याच घरचं तांब्याभर पाणी प्यायला, म्हणून पंचांनी त्याला वाळीत टाकलं होतं. "वाळीतल्या घरचं जो तोंडात घालेल, तोही वाळीत. त्याच्याशी रोटी बंद, बेटी बंद," पंचांचा मुख्य दत्तोबा तेव्हा मिशीवर ताव देत म्हणाला होता.

तुळजाबाईंचा गुन्हा एवढाच, की नवऱ्याने, हिंदुरावाने, डागलेली लेक शकू त्यांनी घरात घेतली. निवाडा झाला : शकूला हिंदुरावाच्या स्वाधीन करावं, देवाचं तीर्थ शिंपडून घर गोतात घ्यावं, मग पंचांना गोडाचं जेवण. आज बाई नमल्या होत्या. भैरूला त्यांचीही शिसारी आली.

शनिवारवाड्यावर दुपारची नौबत झडली.

"शकू कुठंय?" हिंदुरावाने पाटावर बसत विचारलं.

"लुगडं नेसतेय, जावईबापू. तीर्थही व्हायचंय अजून." बाई खालमानेने म्हणाल्या. "पोळ्या तेवढ्या निवतील. पण तुम्ही पंच म्हणाल तसं."

दत्तोबाने पोळ्यांच्या चळतीकडे पाहिलं. "तीर्थ काय पळून जातंय? निवली पोळी म्हणजे अन्नाचा अपमान. वाढा."

बाईंनी वाढलं. आग्रह करकरून वाढलं.

तूप कोपरापर्यंत ओघळत होतं. दत्तोबा बोटं चाटत, सासरी बाईने जीभ कशी आवरावी ते सांगत होता. हिंदुराव पुरण कालवत होता. उलथणं तापवलं तो हात हाच. भैरूने मान फिरवली. स्वस्तात सौदा झाला म्हणायचा. आत पुरण गेलं, की बाहेर पोर.

हात धुऊन झाले. विडे झाले. दत्तोबाने ढेकर दिली. "हं. आणा पोरीला."

शकू माजघराच्या दारात आली. अंगावर जुनंच लुगडं होतं. तीर्थाचा तांब्या कोनाड्यात झाकलेला तसाच होता.

"भैरू," तुळजाबाईंनी विचारलं, "कोण कोण जेवलं, पाहिलंस ना?"

"सगळेच की."

बाईंनी लेकीला मागे सारलं आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"मग कशी धाडू, दत्तोबा? वाळीतल्या माणसाशी बेटी बंद."