खारीची पेटी

आमच्या इमारतींमागच्या ओकच्या झाडांच्या रानबागेत, पायवाटेच्या सुरुवातीलाच एक लाकडी पेटी ठोकलेली आहे. 'ओकची फळं घरी नेऊ नका, खारींसाठी यात टाका,' अशी वर पाटी. माझी सोयुल बालवाडीतून येताना रोज खिसे भरून फळं वेचायची आणि चवड्यांवर उभी राहून पेटीत टाकायची. दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी दिसली की खूश.

"आई, आपल्या तुटक्या शेपटीच्या खारीने सगळं नेलं. आता थंडीत ती उपाशी नाही ना राहणार?"

"नाही गं राणी."

पहिल्या बर्फानंतर ती खार पेटीखालीच सापडली. ताठ झालेली, नुसती हाडं न् कातडं. सोयुलने दिवसभर घास घेतला नाही.

संध्याकाळी सासूबाई आल्या. डब्यातून ओकच्या फळांच्या पिठाच्या लुसलुशीत वड्या काढून, सोयासॉसमध्ये बुडवून तिला भरवू लागल्या. हळूहळू पोरीचे हुंदके थांबले.

"आजी, अजून एक."



"खा गं बाळा, पोटभर खा. सूनबाई, यंदा फळं वेचायला कंबर वाकवावीच लागली नाही बघ. बागेतल्या त्या पेटीत कुणी भला माणूस रोज आणून टाकायचा."