सहाच्या सहा

कट्. कपाटाची किल्ली फिरली, तेवढ्यानेच दुपारची शांतता मोडली आणि पाळण्यातल्या बाळाने मूठ उघडून पुन्हा मिटली. मंदा होती तिथेच थांबली. त्याचा श्वास पुन्हा संथ झाला, तेव्हा तिने आतल्या खणातलं फडक्यात गुंडाळलेलं ओझं काढलं आणि पडवीत येऊन बसली.

आजोबांचं रिव्हॉल्व्हर. आजोबा जाऊन सोळा दिवस झाले होते. उद्या ते पालघरच्या पोलीस ठाण्यात जमा करायचं आणि सोबत अर्ज द्यायचा, की परवाना नातीच्या नावावर करून मिळावा. आजोबांनी तसं लिहूनच ठेवलं होतं; मंदा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. सकाळी बोईसरला कामावर निघताना प्रतापने, तिच्या नवऱ्याने, चेष्टा केली होती, "चिकूवरची वटवाघळं मारणार का, राणीसाहेब?" मंदाला राग आला नव्हता. 'शस्त्र कशासाठी हवे' या रकान्यात तिने आधीच वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: आजोबांच्या शौर्याची आठवण म्हणून.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला जमना चिकू निवडत होती. सालवडच्या या वाडीत आधी तिचा बाप बुधा राबला, आता ती.

सहा वर्षांची आनंदी आईच्या मांडीला टेकली. "बिबट्याची गोष्ट सांग ना."

मंदाने सांगितली. बिबट्या आधी पाड्यावरच्या शेळ्या उचलायचा, मग पोरांवर टपला. आनंदीचे पणजोबा एकटे गेले. बुधा तेवढा कंदील धरून मागे. दोन गोळ्या. एक हुकली, दुसरी डोळ्यांच्या बरोबर मधे.

"ते यात लिहिलंय?" आनंदीने कागदावर बोट ठेवलं.

परवान्याची ती नक्कल मंदाने कचेरीत दोन खेपा घालून मिळवली होती. रिव्हॉल्व्हरचा सगळा इतिहास तिला लिहून काढायचा होता, मुलांसाठी. परवाना सन छप्पनचा. रिव्हॉल्व्हर त्याच साली मुंबईच्या दुकानातून जुनंच घेतलेलं. काडतुसे खरेदी: सहा. पुढे एकोणतीस वर्षं, दर नूतनीकरणाला एकच आकडा. शिल्लक: सहा.

तिने पत्र्याची डबी उघडली. बोटाने एकेक सरकवत मोजली. सहाच्या सहा.

"जमना," ती हसतच म्हणाली, "तुझा बा बरोबर होता ना गं? बिबट्याला गोळ्या किती मारल्या?"

"कंचा बिबट्या, बाय?"

"अगं, आजोबांनी मारला तो."

जमनाचा हात थांबला नाही. मऊ चिकू एकीकडे, कडक एकीकडे. "ह्ये कवाच वाजलं नाय, बाय. वाजवायची पाळीच नाय आली. कूळकायदा आला ना, कसंल त्याची जमीन व्हनार, तवा थोरल्या शेटनी, तुमच्या आजांनी, आमा सगल्यांना बोलावलं. हितंच, या पडवीत. टेबल मांडलेलं. कागद व्हते आन वारा सुटलेला. कागद उडू नाय म्हनून ह्ये वर ठेवलेलं."

"कसले कागद?"

"आमी राजीखुशीनं जमीन सोडतो म्हनून. बा अंगठा द्याला वाकला, तवा मना दिसलं, नळीचं तोंड त्याच्याकडं व्हतं. शेट काय बोललं नाय. चा दिला सगल्यांना." ती जराशी हसली. "मी पयल्यांदा चा प्याले त्या दिशी. लय गोड व्हता."

मंदाच्या डोळ्यांपुढे दसरा उभा राहिला. पाटावर झेंडू, झेंडूत रिव्हॉल्व्हर. पाड्यावरची माणसं एकेक करून पुढे येऊन वाकायची आणि त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवायचा मान मंदाचा. बुधा वाकायला नेहमी जरा वेळ लावायचा. आठ वर्षांची मंदा त्याला एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नीट डोकं टेक की रे बुध्या! यानेच तुमची पोरं वाचवली." त्याने टेकलं. नीट टेकलं. आजोबांनी मग कौतुकाने नातीला उचलून घेतलं होतं.

गेल्या दसऱ्याला जमनाच्या हातावर पान ठेवलं ते आनंदीने. ठेवताना तीही म्हणाली होती, "यानेच तुमची पोरं वाचवली." शब्द मंदाने शिकवलेले.

"इतकी वर्षं बोलली कशी नाहीस गं?" तिने विचारलं.

"कुनी इचारलं?" जमना म्हणाली. "आन गोष्ट बरी व्हती. पोरं गप बसून ऐकायची."

मंदाला मान वर करवेना. तिने अर्ज घेतला, वळणदार अक्षरांची ती ओळ एकदा वाचली आणि कागद मुठीत चुरगाळला. रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळलं. "उद्या हे देऊन टाकायचं," ती आनंदीला म्हणाली, पण ऐकवायचं होतं दुसऱ्याच कोणाला. "परत नाही आणायचं."

जमनाने पाटी डोक्यावर घेतली. "जाते, बाय. उद्या बाच्या तुकड्यातले उतरायचे हायत."

बाच्या तुकड्यातले. रोजच ती तसं म्हणायची. मंदाला ते आजवर नुसतं नाव वाटत आलं होतं, जशी विहिरीकडची झाडं, कुंपणाकडची झाडं.

जमना फाटकाबाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत आनंदी बघत राहिली.

"आई, उद्यापासून बंदूक नसणार ना आपल्याकडे?"

"नाही."

आनंदीने पुन्हा रिकाम्या फाटकाकडे पाहिलं.

"मग जमना कशाला येईल?"