लग्नाच्या घागऱ्यातलं भिंग

मुकुटबनजवळच्या तांड्यात, बासष्ट सालच्या एका दुपारी भुरीबाई दारात बसून लेकीच्या लग्नाच्या घागऱ्याला भिंगं लावत होती. शेवटचं भिंग हाती घेतलं, तर त्यात चांद दिसला, पुरता भरलेला. आता भर उन्हात चांद कुठला? त्याच्याखाली एक बाई उभी होती आणि हात हलवून ‘नको, नको’ म्हणत होती.

भुरीबाईनं भिंग ओढणीला पुसलं. बाई गेली, चांद राहिला. लदेणीच्या काळात तिचे आजे-पणजे चांदाच्याच उजेडात माल लादलेले बैल हाकत मुलुख चालले होते. पोरीच्या वाटेला सोबत झाली म्हणत तिनं ते भिंग घट्ट शिवून टाकलं.

पुनवेला, दिवस मावळता, हंसा सासरी निघाली. चांद वर आला आणि घागऱ्याच्या भिंगाभिंगात उतरला.

शेवटच्या एकात मात्र तीच रखरखीत दुपार होती. दारात बसून भुरीबाई शिवत होती. शिवता शिवता तिनं मान वर केली.

“याडी, हात काहून हालवून राह्यली?” हंसानं आईला विचारलं.

भुरीबाईनं पाहिलं. हात खरंच ‘नको, नको’ म्हणत हलत होता, आणि थांबवता थांबत नव्हता.