इमलिनचा खांदा

शवपेटी क्लबच्या पायरीपाशी आली आणि गोमर पू दारात आडवा उभा राहिला.

“इमलिन,” तो म्हणाला, “तुझा खांदा इथपर्यंतच.”

पेटी सहा जणांनी उचलली होती. पुढचा उजवा कोपरा इमलिनकडे होता. पेटीत त्याचा बाप होता, हाउएल. चॅपलपासूनच्या सगळ्या चढणीत इमलिनने खांदा बदलू दिला नव्हता. चालताना काही वाटलं नाही, पण थांबल्यावर ओझं एकदम मानेत उतरलं.

दरीतला रग्बीचा जुना खेळाडू गेला की दफनाला नेण्याआधी त्याला क्लबात आणतात. पेटी बिलियर्डच्या टेबलावर ठेवतात आणि प्रत्येक जण त्याच्या नावाने एक ग्लास रिकामा करतो. ही पद्धत कुणाला चुकलेली नाही. आत ग्लास भरून तयार होते. माणसं दाटीवाटीने उभी होती आणि सगळी दाराकडे बघत होती.

“गोमर काका, बाप आहे माझा.”

“मला सांगतोस? अर्धं आयुष्य मैदानावर, स्क्रमच्या रेटारेटीत त्याच्या बगलेत मान घालून काढलंय मी.”

“मग बाजूला व्हा.”

“तू पैसे घेतलेस, पोरा.”

गोमरच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं. इमलिन वेल्सच्या लाल जर्सीत पहिल्यांदा खेळला, त्या दिवशी अख्खी दरी खाण बंद ठेवून कार्डिफला गेली होती. पुढे उत्तर इंग्लंडचा एक माणूस मोटार घेऊन आला, आणि इमलिन तिकडची तेरा जणांची रग्बी पैसे घेऊन खेळायला निघून गेला. इथल्या पंधरा जणांच्या खेळाला पैशाचा विटाळ. ज्याने तो घेतला त्याला सगळ्या क्लबांचं दार जन्मभर बंद. त्याला आत घेतल्याचं वर मंडळाला कळलं तर या क्लबशी पुन्हा कुणी सामना खेळणार नाही. गोमर चिटणीस होता. त्याची भीती खोटी नव्हती.

“आणि ऐकायचंच असेल तर ऐक,” गोमर म्हणाला. “क्लबातून तुझं नाव काढून टाकायचं ठरलं, तेव्हा पहिला हात तुझ्या बापाचा वर गेला. मी मान खाली घालून बसलो होतो. तो नाही.”

इमलिनला हे ठाऊक नव्हतं. आपण सुट्टीला घरी आलो की बाप मागच्या दाराने मैदानावर निघून जातो आणि अंधार पडेपर्यंत गवत कापत बसतो, एवढंच त्याने पाहिलं होतं. पेटीखालचा हात त्याने आणखी घट्ट केला.

“मग हाउएललाच विचार की,” डाव्या कोपऱ्याचा हेडन म्हणाला. “आज तो वाद नाही घालायचा.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

गोमरने घोळक्यावर नजर फिरवली. “कुणीतरी याचा कोपरा घ्या. आयव्हर, ये बघू.”

आयव्हर आपल्या बुटांकडे बघत राहिला. “माझा खांदा दुखतोय.”

“शनिवारी तर खेळलास.”

“तेव्हाच दुखावला.”

दुसरं कोणीही पुढे आलं नाही. भुरभुर पावसात पेटीचं लाकूड निसरडं व्हायला लागलं होतं. गोमरला बाजूला करायला इमलिनचं एक कोपर पुरलं असतं. त्याने याच्या दुप्पट अंगाची माणसं लोळवली होती. पण बुटांच्या नाड्या बांधायला त्याला याच म्हाताऱ्याने शिकवलं होतं. त्याला संताप आला, आणि त्या संतापाची लाजही वाटली.

“मी सोडणार नाही, काका,” तो म्हणाला. “आत जाऊ देणार नसाल तर इथेच उभा राहतो.”

“किती वेळ?”

“बघू कोण आधी थकतं ते.”

“मला कुणी विचारलं का?” हेडन पुटपुटला. पण तोही जागचा हलला नाही.

गोमरने एका हाताने चौकट धरली. तो दारातून सरकला नाही.

मग त्याच्या पाठीमागून गडगड आवाज आला. दारू ओतणारा म्हातारा मॉर्डेकाय एक रिकामं पिंप लोटत आला. गोमरच्या बगलेखालून त्याने ते बाहेर काढलं आणि रस्त्यावर उभं केलं. परत आत जाऊन त्याने दुसरं आणलं.

“टेबल काही दारातून निघत नाही,” तो म्हणाला. “ठेवा यावर.”

त्यांनी पेटी सावकाश उतरवली. इमलिनचा खांदा रिकामा झाला तरी त्याने पेटीवरचा हात काढला नाही.

तेवढ्यात आतली माणसं निघाली. आपापला ग्लास सांभाळत, अंग चोरून, गोमरच्या बाजूने एकेक जण बाहेर आला. कुणी त्याला धक्का दिला नाही, कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. रस्ता भरून गेला. कुणीतरी इमलिनच्या हातात ग्लास दिला. कुणी दिला ते त्याने पाहिलं नाही. डोळे इतके भरले होते की दिसलंही नसतं.

“गोमर,” हेडनने हाक मारली, “आता येतोस का? तुझ्याशिवाय हाउएलचं नाव कोण घेणार?”

गोमरच्या मागे दिवे लागलेले होते, टेबलावरचं कापड काढलेलं होतं आणि आत चिटपाखरूही नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी चौकट धरली होती. रस्त्यावरच्या पेटीकडे बघत तो रडत होता.

“आलो असतो रे,” तो म्हणाला. “पण दार कोण सांभाळणार?”