वळणावरचा आरसा

तो आरसा तुम्ही लावलात, साहेब. वळणावर पलीकडची गाडी दिसत नाही म्हणून गल्लीने आरडाओरडा केला, तेव्हा तुम्ही खांबावर तो फुगीर आरसा ठोकलात आणि फोटो काढून चालते झालात. आता कानावर हात ठेवू नका.

वळणाशी शिंप्याचं दुकान आहे. शाळा सुटली की त्याची लेक आधी आरशात दिसायची, मग वळणावरून यायची. ती आरशात दिसली की तो चहा ठेवायचा.

"आरसा गाड्यांसाठी लावलाय," शेजारचा सायकलवाला चिडवायचा, "आणि तू फुकटात लेकीवर पहारा ठेवतोस!"

काल ती आरशात दिसली. त्याने चहा ठेवला. ती काही आली नाही.

तो वळणापर्यंत धावला. पलीकडचा रस्ता रिकामा होता. त्याने वर पाहिलं. आरशात ती तशीच उभी होती, दप्तर छातीशी घट्ट धरून त्याला हाका मारत होती. आवाज मात्र येत नव्हता.

"बाबा, चहा उतू गेला की! लक्ष कुठंय तुमचं?"

दुकानात, रोजच्या स्टुलावर, लेक बसली होती. तोच गणवेश, तीच वेणी.

"तो आरसा काढायला सांगा ना," ती गोड हसून म्हणाली.

आज तुमचा माणूस शिडी घेऊन आलाय. शिंपी खांबाला मिठी मारून उभा आहे. आधी उत्तर द्या, साहेब. आरसा उतरवलात, तर ती घरी कुठून येणार?