तांदळाच्या पिठाच्या ग्रिसिनी

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एर्सिलियाने इटलीतल्या तोरिनो शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात तिसऱ्यांदा पीठ मळलं. गव्हाच्या ग्रिसिनी, म्हणजे पावाच्या बारीक कुरकुरीत काड्या, तिने जन्मभर हातभर लांब ओढल्या होत्या. ही तांदळाच्या पिठाची काडी मात्र बोटभर ओढली की तुटत होती. पण आज नात जेवायला येणार होती, आणि डॉक्टरांनी तिला गव्हाचा कणही वर्ज्य केला होता.

"आई, थोडं इसबगोल घाल, मग धरेल," मुलगी मिरेल्ला म्हणाली.

"आमच्या वेळी नव्हती असली थेरं. गहू कधी कुणाला बाधतो का?"

"बाधतो गं. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातूनच येतं. आपली पोर कशी झाली होती आठव ना. हातापायांच्या काड्या, आणि पोट तेवढं फुगलेलं. आणि मी वेडी तिला गव्हाचंच भरवत होते!"

एर्सिलियाचे हात पिठातच थांबले.

"पोट फुगतं होय त्यात?"

"हो ना. वेळेत कळलं म्हणून वाचली. अगं, रडतेस काय? आता बरी आहे ती."





मिरेल्लाच्या आधीचा एर्सिलियाचा दीड वर्षांचा मुलगा ओरेस्ते असाच पोट फुगून वाळत गेला होता. आणि पचायला हलक्या म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत तिने त्याला आपल्या हातच्या ग्रिसिनीच दुधात कुस्करून भरवल्या होत्या.